भात किती व्हईल?

देवरूखच्या एसटी स्टँडवरून रिक्षा केली की वीस मिनिटांत माझं आजोळ येतं. रिक्षा पाखाडीच्या तोंडाशी थांबते आणि तिथून जांभ्याच्या पायऱ्या उतरत जायचं. पायऱ्या संपल्या की डाव्या हाताला गडगा आणि गडग्यापलीकडे आमची चौदा खाचरं, एकाखाली एक उतरत वहाळापर्यंत गेलेली. त्यातली अकरा खाचरं नऊ वर्षं पडीक होती. बांधांवर करवंदीच्या जाळ्या माजल्या होत्या आणि वरच्या तीन खाचरांपुरतं मामाचं जोत शिल्लक होतं.

दोन वर्षांपूर्वी शिमग्याला सगळी भावंडं जमली. पालखी घरी येऊन गेली, नैवेद्य झाला आणि दुपारी पडवीत जमिनीचा विषय निघाला. एका भावाला जमीन विकायची होती. मुंबईहून गिऱ्हाईक येऊन बघून गेलं होतं. दुसऱ्याला काजू लावून मोकळं व्हायचं होतं. मी म्हटलं, विकू नका. देवरुखात चित्रकलेचं कॉलेज आहे, मुलं रस्त्याच्या कडेला बसून निसर्गचित्रं काढतात, त्यांना इथे येऊ दे. गोठा रिकामाच आहे, त्याची चित्रशाळा करू. वहाळाकाठी झाडं लावू. खाचरांमध्ये काही मांडणी करू. मी बराच वेळ बोलत होते. मामा खांबाला टेकून ऐकत होता. माझं संपल्यावर त्याने एवढंच विचारलं, "आनि भात किती व्हईल?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायला मी जे वाचलं, पाहिलं आणि शेवटी स्वतःच्या हाताने केलं, ते इथे मांडते आहे.

देवरूख हे संगमेश्वर तालुक्याचं मुख्य ठिकाण. शेजारून सप्तलिंगी वाहते, ग्रामदेवता सोळजाई, आणि पूर्वेला सह्याद्रीची भिंत. त्या भिंतीच्या कुशीत मार्लेश्वर. मकरसंक्रांतीला साखरप्याची गिरिजा त्याच्याशी लग्न लावायला जाते. पावसाळ्यात इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. गावाच्या नावातच रूख आहे, म्हणजे झाड. १९५४ साली इंदिराबाई हळबे, सगळ्यांच्या मावशी, यांनी इथे मातृमंदिर उभं केलं. एवढ्याशा गावात कामाची केवढी ओल असते हे त्या संस्थेकडे पाहिलं की कळतं. आता इथे देवरूख कॉलेज ऑफ आर्ट अँड डिझाईन आहे, ज्याला सगळे 'डी-कॅड' म्हणतात, आणि लक्ष्मीबाई पित्रे यांच्या नावाचं कलासंग्रहालयही आहे. तालुक्याच्या गावात चित्रांचं संग्रहालय असणं ही महाराष्ट्रात दुर्मीळ गोष्ट आहे. मुंबईची वाट न धरता इथल्या वाड्यांतल्या मुलाला खरं चित्र समोर उभं राहून पाहता येतं, याचं मोल मला फार वाटतं.

तरी माझा प्रश्न कॉलेजच्या भिंतीबाहेरचा होता. शेत आणि चित्र यांचं इथे काही जुनं नातं आहे का?

ते नातं मला आधी मातीत सापडलं. आमच्याकडचा जांभा फोडला की आत तांबडा, तपकिरी, जांभळट, पिवळा असे रंग दिसतात. हे सगळे लोखंडाचे रंग. पाऊस लाखो वर्षं खडक धूत राहिला, त्यात विरघळणारं ते निघून गेलं आणि लोखंड व ॲल्युमिनियम मागे राहिलं. चिरेखाणीत वरचा टणक थर काढला की खाली पिवळसर, मऊ माती लागते. तिचा एक डबा मी घरी आणला. पाट्यावर वाटली, पाण्यात कालवली, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळली आणि रात्रभर ठेवून दिली. सकाळी तळाशी बसलेला सायीसारखा थर सुकवून त्यातला निम्मा मामीच्या लोखंडी तव्यावर घातला. चुलीवर दहा-पंधरा मिनिटांत कडेपासून रंग फिरायला लागला. हळद, मग कोकमाच्या सालीसारखा, मग पक्का गेरू. पिवळ्या मातीतल्या लोखंडाशी पाणी बांधलेलं असतं, ते तापून उडून गेलं की लाल उरतं. बाभळीच्या डिंकात कालवून दोन्ही रंग मी कागदावर शेजारी शेजारी लावले. एकाच डब्यातली माती, पण दोन ऋतूंसारखी दिसत होती. मामी म्हणाली की तिच्या लहानपणी भिंतीला लावायला काव अशीच भाजून घ्यायचे. मला जे नवं वाटलं ते तिच्या घरात होतंच.

याच कातळावर माणसाने फार पूर्वी चित्रं कोरली. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी सडे, म्हणजे कातळाची उघडी पठारं, पायाखाली घालून रत्नागिरी जिल्ह्यातली कातळशिल्पं शोधली, नोंदवली. उक्षीचा हत्ती जवळपास खऱ्या हत्तीएवढा आहे. कशेळीच्या सड्यावरचा तर त्याहून कितीतरी मोठा, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी भरलेले. २०२२ मध्ये कोकणातल्या अशा नऊ ठिकाणांचा युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत समावेश झाला. आठ महाराष्ट्रातली, एक गोव्यातलं. हे सडे सरकारदरबारी बहुतेकदा पोटखराबा, म्हणजे पीक न देणारी जमीन. पण जूनच्या पहिल्या पावसात त्याच कातळाच्या भेगांतून दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात, जी मुख्यतः कोकणातच उगवतात. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेची आसवं आणि गेंद यांनी सडा निळा-पांढरा होतो. चिरेखाण काढायची की नाही हे ठरवताना या दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर हव्यात, असं मला मनापासून वाटतं. एकदा मशीन फिरलं की हत्ती आणि फुलं एकाच दिवशी जातात.

दुसरं नातं देवरहाटीत. घाटावर देवराई म्हणतात, आमच्याकडे देवरहाटी. आजोळच्या गावची रहाटी लहानशी आहे. बेहडा, सातवीण, किंजळ, आसाणा, एक प्रचंड आंबा आणि त्यांना गुरफटलेली गारंबी. फेब्रुवारीत सुरंगी फुलली की वास पाखाडीपर्यंत येतो. आत बेहड्याच्या बुंध्याशी एक अनघड पाषाण. त्याला रूप नाही, डोळे नाहीत, फक्त शेंदराचे थर. वाळलेली फांदी उचलायची तरी पूर्वी गुरवाकडून देवाला कौल लावत असत.

तिथे उभी असताना मला जर्मनीतल्या कासल शहराची आठवण झाली. १९८२ साली योझेफ बॉइस या शिल्पकाराने तिथे सात हजार ओक लावायचं काम हाती घेतलं आणि प्रत्येक झाडाशेजारी बेसॉल्टचा एक उभा दगड रोवला. झाड वाढत जाणार, दगड तेवढाच राहणार, आणि दोघांमधलं प्रमाण वर्षागणिक बदलत जाणार, हेच ते शिल्प. बॉइस १९८६ मध्ये गेला. शेवटचं झाड पुढच्या वर्षी त्याच्या मुलाने लावलं. विसाव्या शतकातलं ते एक थोर काम मानलं जातं आणि ते आहेच. पण झाडाशी दगड आणि दगडाच्या भरवशावर झाड ही जोडी संगमेश्वर तालुक्यातल्या वाडीवाडीत उभी आहे. तिच्यावर कुणा कलावंताचं नाव नाही. गाव ती राखत आलं.

आता राखणं कठीण झालंय, हेही सांगायला हवं. जीर्णोद्धाराच्या नावाखाली कौलारू देऊळ पाडून स्लॅबचं बांधतात आणि खर्चासाठी रहाटीतलीच झाडं विकतात. रहाटीबाहेरचं जंगल तर बहुतेक खासगी मालकीचं. मालक मुंबईत, हिस्सेदार वीस-पंचवीस. मग कुणीतरी ठेकेदार गाठतं आणि चाळीस वर्षांचा किंजळ सरपणाच्या भावाने ट्रकमध्ये चढतो. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने, म्हणजे अर्चना गोडबोले आणि जयंत सरनाईक यांच्या संस्थेने, या तालुक्यात बरीच वर्षं काम केलं आहे. त्यांची रीत मला आवडते, कारण ती मामाच्या प्रश्नापासून पळत नाही. जंगल न तोडण्याचा करार करायचा आणि त्याचा मोबदला मालकाला द्यायचा. बेहडा आणि हिरडा यांची फळं गोळा करून फेअरवाइल्ड प्रमाणपत्राखाली विकायची. त्या प्रमाणपत्राची अट अशी की झाडाला इजा करायची नाही आणि सगळी फळं ओरबाडायची नाहीत. फळं परदेशातल्या औषधी चहाच्या कंपनीपर्यंत पोचली. उभ्या बेहड्याला पडलेल्या बेहड्याहून जास्त किंमत आली.

बेहड्यावर एवढा जीव का, याचं उत्तर त्याच्या ढोलीत आहे. महाधनेश, ज्याला आमच्याकडे गरुड म्हणतात, आणि त्याचा धाकटा भाऊ मलबारी कवड्या धनेश हे दोघे जुन्या, मोठ्या झाडांच्या ढोलीत घरटं करतात आणि इथे ते झाड पुष्कळदा बेहडा असतं. मादी आत शिरते आणि विष्ठा व फळांचा गर लिंपून दार बंद करून घेते. चोच जाईल एवढी फट राहते. पुढचे काही महिने नर त्या फटीतून तिला आणि पिल्लांना भरवतो. उंबर, वड, सुरमाड यांची फळं तो गिळून आणतो आणि बिया जंगलभर टाकत जातो. देवरुखात निसर्गप्रेमी मंडळी आता अशा ढोल्यांची नोंद ठेवतात. मी एकदा मार्चमध्ये लांबून दुर्बिणीने पाहिलं. नर फांदीवर बसला, घशातून एकेक फळ चोचीच्या टोकाशी आणलं आणि फटीत दिलं. ती चिकाटी पाहताना माझे हात आपोआप जोडले गेले.

हे झालं जे होतं त्याविषयी. शेतात किंवा गोठ्यात नव्याने कला उभी केलेली माणसं कोण, याचा शोध घेताना पहिलं नाव कोकणातलंच मिळालं. कुडाळजवळ पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी स्वतःच्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. ठाकर समाजाच्या चित्रकथी पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या तिथे मांडल्या आणि मुलांना सोबत घेऊन खेळ चालू ठेवले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या रिकाम्या गोठ्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले ते या माणसामुळे.

दुसरं गाव दूरचं, पण भाषेने जवळचं. नागपूरच्या पलीकडे, मध्य प्रदेशच्या हद्दीत सौंसर भागात पारडसिंगा. तिथे घराघरांत मराठी कानावर पडते. नागपूरच्या श्वेता भट्टड या बडोद्याला शिल्पकला शिकल्या आणि पारडसिंग्यात ग्राम आर्ट प्रोजेक्ट सुरू केला. शेताच्या मातीतच, पिकांनीच, वरून पाहिलं तर उमजेल असं चित्र त्यांनी गावकऱ्यांसह उगवलं. 'मेक इन इंडिया'चा गजर चालू असताना त्यांच्या शेतातून पंतप्रधानांना विनंती होती, 'ग्रो इन इंडिया'. कपाशीच्या त्या पट्ट्यात बीटी बियाण्याने देशी वाण जवळजवळ संपवले होते. या गटातल्या बायकांनी देशी कापूस पेरला, हाताने कातला, नैसर्गिक रंगात रंगवला आणि त्या सुतात बिया गुंफून बीजराख्या केल्या. सण झाला की राखी कुंडीत पुरायची आणि रोप उगवायचं. इथे मामाच्या प्रश्नाला सरळ उत्तर होतं: त्या राख्यांची मजुरी बायकांच्या हाती पडते.

तिसरं उदाहरण थेट भाताचं. जपानच्या आओमोरी प्रांतातलं इनाकादाते हे खेडं १९९३ पासून दरवर्षी वेगवेगळ्या रंगांच्या पानांचे भात लावून खाचरात चित्रं उगवतं. हिरवा, जांभळा, पिवळा, पांढरट, सगळे रंग वाणांचेच. २००८ साली चित्राच्या खालच्या भागात एका विमान कंपनीची जाहिरात लावली गेली. जमीनमालकाने हरकत घेतली आणि लावलेली रोपं उपटून टाकली गेली. शेतात काय उगवावं याचा शेवटचा शब्द शेतकऱ्याचा, हे त्या खेड्याने दाखवून दिलं. जपानमधली ही भातचित्रं पाहून 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री'चे कर्ते श्रीकांत इंगळहळीकर यांनी पुण्याजवळ सिंहगडाच्या पायथ्याशी डोणजे भागात भातशेतीत गणपती उगवला, पुढे इतरही चित्रं केली. जांभळ्या पानांचा भात आपल्याला परका नाही. छत्तीसगडात तो रानभात ओळखायला मुद्दाम लावतात. पेरलेलं सगळं जांभळं असलं की हिरवं दिसेल ते तण.

जपानमधलीच आणखी एक गोष्ट मला आमच्या वाडीची वाटते. निगाता प्रांतातल्या एचिगो-त्सुमारी भागात तरुण शहरांकडे गेले, म्हातारी माणसं आणि पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं उरली. २००० सालापासून तिथे दर तीन वर्षांनी कलामहोत्सव भरतो. बंद शाळा, रिकामी घरं, खाचरं हेच त्याचं दालन. पहिल्याच वर्षी इल्या आणि एमिलिया काबाकोव यांना एका शेतकऱ्याच्या खाचरांत नांगरणी, पेरणी, लावणी, कापणी करणाऱ्या माणसांच्या आकृती उभ्या करायच्या होत्या. तो शेतकरी शेती सोडायच्या विचारात होता आणि आधी नाही म्हणाला. मग त्याला दिसलं की हे काम त्याच्याच कष्टाबद्दल आहे. त्याने होकार दिला आणि पुढेही काही वर्षं शेती केली.

ही गोष्ट मी मामाला सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "एक कुणगा घे. वरनं चवथा."

चौथं खाचर दोन गुंठ्यांचं. पाखाडीच्या सहाव्या पायरीवरून पूर्ण दिसतं. आमच्या डोंगरउतारावर चित्र वरून पाहायला मनोरा बांधावा लागत नाही. जांभळ्या पानांचं बियाणं ओळखीच्या एका शेतकऱ्याने दिलं, जेमतेम ओंजळभर. बाकी घरचंच वाण. राब न भाजता शेणखताचा गादीवाफा केला, म्हणजे कवळासाठी, राबात जाळायच्या फांद्यांसाठी, झाडं खच्ची करावी लागली नाहीत. वाडीतल्या मुलांना गरुड काढायचा होता. तिरकं पाहताना लांबचा भाग आखडतो, म्हणून चित्र वहाळाच्या बाजूला ताणून काढावं लागतं, रस्त्यावर रंगवलेली अक्षरं असतात तसं. आम्ही सुंभ आणि खुंट्या घेऊन चिखलात उभे राहायचो आणि सहाव्या पायरीवरून भाची ओरडून सांगायची, चोच पुढे, अजून पुढे. तिला देवरुखात चित्रकला शिकायची आहे.

तरवा, म्हणजे वाफ्यातली रोपं, बावीस दिवसांचा झाला आणि लावणीच्या दिवशी घोळ झाला. कोवळ्या पानांचा जांभळेपणा फिका असतो, पावसाच्या अंधारात आणि घाईत दोन मुठी एकमेकींत मिसळल्या. तीन आठवड्यांनी रंग गडद झाला तेव्हा चोचीला मधे हिरवं खिंडार दिसलं. शेपटीची बाजू ऑगस्टअखेर एका रात्रीत रानडुकरांनी उलटीपालटी केली. सकाळी चिखलात आडवी झालेली रोपं पाहून मला रडू आलं. मामा म्हणाला की गेली नऊ वर्षं खालची अकरा खाचरं पडीक राहण्याचं कारण हेच. तेव्हा कुठे ते मला नीट कळलं. शेतावर चित्र काढायचं तर शेतकऱ्याची रात्रीची जागही वाट्याला घ्यायला हवी. गणपतीपर्यंत आम्ही पाळीपाळीने डबा वाजवत बसलो. गणपतीत मुंबईहून आलेली वाडीतली माणसं पायरीवर थांबून पाहायची. जाखडी नाचणारी पोरं तिथे उभी राहून फोटो काढून गेली. दोन घरांनी विचारलं की पुढच्या साली आमच्या खाचरात काय करता येईल.

ऑक्टोबरात कापणी झाली. मामीने आधी जांभळी रोपं वेगळी कापून घेतली, मग हिरवी. भारे खळ्यावर आले, झोडले, वारवले. मामाने वजनकाटा आणला. रानडुकरांचं जाऊन चौतीस किलो भरलं. त्याने आकडा खडूने पडवीच्या खांबावर लिहिला, तिथे आधीच्या कितीतरी वर्षांचे आकडे होते. जांभळं वेगळं भरलं, तीन किलोला थोडं कमी.

ते बियाणं डब्यात ठेवायला मी निघाले तेव्हा मामी म्हणाली, मुडी बांधू. भाताच्या पेंढ्याच्या वळलेल्या दोरीने गुंडाळत जाऊन बियाण्याचा गोळा बांधायचा, ती मुडी. आत हवा खेळते, कीड लागत नाही. वाडीत आता ती बांधता येणारी मामी एकटीच. तिने खळ्यावर फतकल मारली, पेंढ्याचा थर गोल पसरला, मधे जांभळं बियाणं ओतलं, कडा उचलून वर आणल्या आणि दोरी फिरवायला सुरुवात केली. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला अर्धा झाकत जाणारा, प्रत्येक वेढ्याला गुडघ्याने दाब. भाची तिच्यासमोर बसून आधी चित्रवहीत काढत होती. तिसऱ्या वेढ्याला तिने वही बाजूला ठेवली आणि दोरीचं दुसरं टोक हातात घेतलं. मामीने तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि म्हणाली, "हां, आता ताण. अजून ताण गो बाय, सैल राहिली तर बी सांडंल."